नाशिकच्या वायनऱ्या कमी खर्चात: एक दिशा, दोन वायनऱ्या आणि चवीचा नीट क्रम

थंडी पडली की नाशिककरांच्या घरी पाहुणे वाढतात. त्यातले बरेच जण आल्या आल्या विचारतात, "वायनरी कधी दाखवताय?" गेली काही वर्षं मी अशा पाहुण्यांना घेऊन फिरतोय आणि तेच ते घोटाळे पुन्हा पुन्हा पाहतोय. शनिवारी दुपारी निघायचं, वाटेत झणझणीत मिसळ हाणायची, एका दिवसात चार वायनऱ्या गाठायच्या, तिसरीत पोचेपर्यंत जीभ बधिर करून घ्यायची, संध्याकाळी तारेत सहा बाटल्या उचलायच्या आणि परतताना म्हणायचं की वाइन हा श्रीमंतांचा छंद आहे.

बिल नीट पाहिलं तर टेस्टिंगचे पैसे त्यात सगळ्यात कमी असतात. खर्च होतो तो सुट्टीच्या दिवसाच्या वाढीव दरात, उपाशीपोटी घेतलेल्या जेवणात, परतीच्या गाडीत आणि घरी पडून राहणाऱ्या बाटल्यांत. खाली दिलेला क्रम पाळला तर हे चारही खर्च आटोक्यात येतात आणि आपल्याला कुठली वाइन आवडते हेही कळतं. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. विशेषतः दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याआधी गाडी किंवा हॉटेल बुक करू नका.

टप्पा १: दिवस ठरवा

बागेत घड बघायचे असतील तर जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा हाच काळ. पांढऱ्या वाइनची द्राक्षं साधारण आधी खुडली जातात, लाल वाइनची नंतर. याच दिवसांत वायनरीत खरं काम चालू असतं: ट्रॅक्टरमधून क्रेट उतरतात, द्राक्षं चिरडली जातात, टाक्यांमध्ये रस आंबत असतो आणि आवारात शिरल्या शिरल्या त्याचा वास येतो.

नाशिकच्या वेलींची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. छाटणीनंतर काही आठवडे बाग बोडकी दिसते. पावसाळ्यात वेली हिरव्यागार असतात, पण घड नसतात. जुलैमध्ये येऊन "द्राक्षं कुठायत?" असं विचारणारे पाहुणे मला दरवर्षी भेटतात. फक्त चव घ्यायची असेल तर मात्र पावसाळ्यासारखा काळ नाही. गर्दी कमी, राहण्याचे दर कमी, गंगापूर धरणाचं पाणी भरलेलं आणि टेस्टिंग घेणाऱ्या माणसाकडे तुमच्या प्रश्नांसाठी वेळ.

वार शक्यतो मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी मोठ्या वायनऱ्यांत प्रवेश शुल्क वेगळं असू शकतं आणि टेस्टिंगच्या टेबलाशी रांग लागते. फेब्रुवारीच्या सुमारास सुला वायनरीच्या सुलाफेस्टसारखा महोत्सव असतो. संगीतासाठी यायचं तर जरूर या, पण शांतपणे वाइन चाखण्याचा तो दिवस नव्हे, स्वस्तात राहण्याचा तर नव्हेच. २०२७ मधल्या सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांतही वायनरीचा बेत आखू नका. शहरातले रस्ते आणि खोल्या दोन्ही त्या वेळी भाविकांसाठी लागतात.

सावधान: २६ जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत सगळ्यात जास्त लोक फसतात. तो ड्राय डे आहे, ३० जानेवारीही. टूर मिळेल, बाग दिसेल, पण ग्लासात काही पडणार नाही. मतदानाच्या आधीही विक्री बंद असते, त्यात ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कुठलीही निवडणूक आडवी येऊ शकते. तारीख ठरवण्याआधी हे विचारून घ्या.

टप्पा २: एकच दिशा निवडा

नकाशावर "नाशिक" असं लिहिलेल्या सगळ्या वायनऱ्या एकमेकींच्या शेजारी नाहीत. पैसे आणि वेळ सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. मनात शहराभोवती चार दिशा आखा.

पश्चिमेला गंगापूर धरणाची बाजू. सुला, यॉर्क, सोमा या वायनऱ्या याच पट्ट्यात, एकमेकींपासून काही मिनिटांवर. शहराच्या मध्यापासून दहा-बारा किलोमीटर गेलं की हा पट्टा सुरू होतो. पहिल्यांदा येणाऱ्यांनी, स्वतःची गाडी नसलेल्यांनी आणि एका दिवसात परतणाऱ्यांनी हीच दिशा घ्यावी.

नैऋत्येला इगतपुरी तालुका. कावनईच्या बाजूला व्हॅलोने, सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा. मुंबईहून गाडीने येत असाल तर या वायनऱ्या नाशिक शहराच्या आधीच लागतात. इथे वर्दळ कमी आणि गप्पा जास्त होतात. पण सकाळी सुला आणि दुपारी व्हॅलोने असा बेत आखलात तर दिवसाचा मोठा भाग रस्त्यात जातो.

उत्तरेला दिंडोरी. द्राक्षांचा मोठा मुलूख, पण पाहुण्यांना रोज दार उघडं असेलच असं नाही. पूर्वेला निफाड आणि विंचूर. विंचूरचा वाइन पार्क म्हणजे औद्योगिक वसाहत आहे. हिरवळीवर बसून सूर्यास्त बघायचा बेत घेऊन तिथे जाऊ नका. वाइन कशी बनते याचीच ओढ असेल आणि आधी बोलणं झालं असेल तर मात्र ती चक्कर फार शिकवून जाते.

सोलापूर, बारामतीकडच्या मंडळींनी नाशिकचा हट्टच धरायला हवा असं नाही. अकलूजजवळ फ्रातेलीची वायनरी आहे, आधी बुकिंग करून तिकडे जाता येतं.

दिशा ठरली की त्यातल्या दोन वायनऱ्या निवडा. एक मोठी, एक लहान. मोठीत टूर करा, कारण तिथे यंत्रं आणि टाक्या जास्त बघायला मिळतात. लहानीत टेस्टिंगला वेळ द्या. तिसरी वायनरी यादीतून खोडून टाका. पाच-सहा वाइन चाखल्यानंतर नाक थकतं, दहानंतर चांगल्या-वाईटातला फरक नवख्याला कळेनासा होतो. तिसरीत दिलेले पैसे चवीचे नसतात, हजेरीचे असतात.

टप्पा ३: फोन करा आणि हेच प्रश्न विचारा

संकेतस्थळावरचे दर आणि वेळा अनेकदा जुन्या असतात. पाच मिनिटांचा फोन करा. मी वहीत प्रश्न लिहून ठेवतो आणि उत्तरं त्यांच्यासमोरच टिपतो:

- आम्ही येतोय त्या दिवशी टेस्टिंग चालू आहे ना? शेवटची टूर किती वाजता?
- प्रवेश शुल्क आहे का? असेल तर ते आतल्या खर्चात वळतं होतं का? जेवणात होतं, बाटलीत होतं की फक्त टेस्टिंगमध्ये?
- टेस्टिंगमध्ये किती वाइन, प्रत्येकी किती मिली? त्यात रिझर्व्ह (वरच्या दर्जाच्या) आहेत की फक्त साध्या?
- एक टेस्टिंग दोघांत वाटून चालेल का?
- कर धरून रक्कम किती?
- न पिणाऱ्या माणसासाठी फक्त टूरचं तिकीट आहे का?
- वयाची अट काय आणि कुठलं ओळखपत्र चालतं?

शेवटचा प्रश्न टाळू नका. बरोबर २५ च्या आतलं कुणी असेल तर फोनवरच स्पष्ट विचारा आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं बरोबर ठेवा. माझ्याबरोबर आलेला एक भाचा दोन तास नुसता बाहेरच्या बाकावर बसून होता, कारण ओळखपत्र घरी राहिलं होतं. नियम पाळणाऱ्यांची त्यात काही चूक नव्हती. चूक माझी, मी विचारलं नव्हतं.

तपासून पाहा: "वळतं होतं" या शब्दाचा नेमका अर्थ लिहून घेतलात का? प्रवेशाचे पैसे फक्त उपाहारगृहात वळते होत असतील तर तुमच्या नकळत जेवण तिथेच घ्यावं लागेल, आणि हिशोब बदलेल.

टप्पा ४: हिशोब निघण्याआधी मांडा

इथे जरा थांबून आकडे समजून घ्या. टेस्टिंगचा एक ओत साधारण ३० मिलीचा असतो. पाच वाइन म्हणजे १५० मिली, म्हणजे एक भरलेला ग्लास. ७५० मिलीच्या बाटलीत असे पंचवीस ओत बसतात.

समजा, टेस्टिंग ५०० रुपयांना आहे आणि त्याच दर्जाची बाटली दुकानात ९०० ला मिळते. बाटलीतल्या १५० मिलीची किंमत झाली १८० रुपये. म्हणजे पिण्यासाठी टेस्टिंग महागच. पण ५०० रुपयांत तुम्हाला पाच वेगळ्या वाइनची ओळख होते, त्या पाच बाटल्या घ्यायच्या तर साडेचार हजार लागले असते. म्हणून वायनरीत चाखायचं आणि प्यायचं घरी. हे आकडे उदाहरणाचे आहेत, फोनवर मिळालेले तुमचे आकडे त्यांच्या जागी घाला.

चौघे असाल तर चार सारख्या टेस्टिंग घेऊ नका. दोन वेगवेगळ्या घ्या: एक साधी, एक रिझर्व्हची. जोडीने वाटून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला एका वाइनचे १५ मिली येतात, म्हणजे मोठा चमचाभर. दोन नीट घोटांना ते पुरतं. मग जोड्यांनी ग्लास बदलून एकमेकांच्या वाइनचा नुसता वास घ्या. निम्म्या खर्चात दहा वाइनचा अंदाज येतो.

खर्चाचे पाच कप्पे करा आणि प्रत्येकापुढे वरची मर्यादा लिहा: प्रवास, प्रवेश व टेस्टिंग, जेवण, बाटल्या, राखीव. बाटल्यांचा कप्पा रोख पैशांत वेगळ्या पाकिटात ठेवा. दोन टेस्टिंगनंतर फोनवरून पैसे भरताना हात सैल सुटतो, पाकिटातल्या नोटा मात्र मोजाव्या लागतात. पायांनी द्राक्षं चिरडून रस काढायचा खेळ, चीजचं ताट, फोटोची फ्रेम हे सगळं वेगळ्या पैशांचं असतं. हवं असेल तर आधीच कप्प्यात धरा.

टप्पा ५: जाण्याची नाही, परतीची गाडी आधी ठरवा

मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांची एक ठरलेली चूक म्हणजे पंचवटी एक्स्प्रेस. ती सकाळी मनमाड-नाशिककडून मुंबईला जाते आणि संध्याकाळी परत येते. नाशिककरांच्या नोकरीच्या वेळेची गाडी आहे ती, तुमच्या सहलीच्या उलट चालते. तुम्हाला तपोवन एक्स्प्रेससारखी सकाळी मुंबईहून सुटणारी आणि संध्याकाळी नाशिकरोडहून परत नेणारी गाडी हवी. शिर्डीची वंदे भारतही त्याच दिशेची आहे, पण तिचं भाडं जास्त. वेळापत्रक आदल्या आठवड्यात पाहून घ्या.

नाशिकरोड स्टेशनपासून गंगापूर धरणाचा पट्टा वीसेक किलोमीटर आहे. स्टेशनवरून सिटीलिंकच्या बसने शहरात आणि तिथून पुढे रिक्षा किंवा टॅक्सी, हा स्वस्त मार्ग. जाताना अडचण येत नाही. अडचण येते संध्याकाळी, जेव्हा वायनरीच्या फाटकाशी पन्नास लोक एकाच वेळी ॲपवर गाडी शोधतात. म्हणून सकाळी ज्या रिक्षाने किंवा टॅक्सीने जाल तिच्याशीच अर्ध्या दिवसाचं बोलून घ्या. थांबण्याचे पैसे धरून, चौघांत वाटून, हे बहुतेक वेळा दोन वेगळ्या फेऱ्यांपेक्षा स्वस्त पडतं.

पुण्याहून एका दिवसात जाऊन येऊ नका. जायला-यायला दहा तास रस्त्यात जातात. एक रात्र शहरात, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा नाशिकरोडच्या आसपासच्या साध्या लॉजवर काढा. बागेतल्या मुक्कामाचा एका रात्रीचा खर्च बहुतेक वेळा बाकीच्या सगळ्या सहलीपेक्षा जास्त असतो.

सावधान: स्वतःची गाडी असेल तर चालवणाऱ्याने चाखायचं नाही. "तीस-तीस मिलीच तर आहे" हा युक्तिवाद खोटा आहे. दोन वायनऱ्यांतली प्रत्येकी पाच वाइनची टेस्टिंग पूर्ण प्यायली तर ३०० मिली होते, दोन भरलेले ग्लास. कायद्यातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा, गंगापूर रस्त्यावर रात्री पायी चालणारी शेतातली माणसं असतात. चालवणाऱ्याला टूरचं तिकीट काढून द्या, वास घेऊ द्या आणि त्याच्या आवडीची एक बाटली घरी नेण्यासाठी सगळ्यांनी मिळून घ्या.

टप्पा ६: सकाळची तयारी, पोट आणि नाक

नाशिकला येऊन मिसळ खायची नाही असं मी कुणालाही सांगणार नाही. फक्त ती टेस्टिंगच्या आधी खाऊ नका. तिखटाने तोंड पेटलेलं असताना वाइनमधलं अल्कोहोल आणखी जाळतं, लाल वाइन कडू लागते आणि पांढरीतला नाजूक वास कळतच नाही. पोहे, उपमा, इडली, पोळी-भाजी असं सौम्य पण पोटभर खा. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा टेस्टिंग संपल्यावर.

उपाशीपोटी जाण्याची चूक दुहेरी महागात पडते. वाइन लगेच चढते, आणि भूक लागली की आतल्या उपाहारगृहात मेनूकार्डाची उजवी बाजू न बघता ऑर्डर जाते. बाहेरचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत, तेव्हा जेवूनच जा.

अत्तर, परफ्यूम, वासाचं तेल लावू नका. गजराही नको, मोगऱ्याचा वास शेजारच्याच्या ग्लासातसुद्धा शिरतो. टेस्टिंगच्या आधी तासभर चहा, कॉफी, पान, सुपारी, तंबाखू, पेपरमिंट काहीही तोंडात नको. घरातून निघण्याच्या बराच वेळ आधी दात घासा. पिशवीत पाण्याची बाटली, छोटी वही, पेन, पांढरा कोरा कागद आणि पातळ शाल ठेवा. बाहेर ऊन असलं तरी पिंपांच्या तळघरात गारवा असतो.

औषधं चालू असतील, गरोदरपण असेल किंवा डॉक्टरांनी दारू वर्ज्य सांगितली असेल तर चाखणं सोडा. टूर आणि वास यांत भरपूर काही मिळतं.

आणि त्र्यंबकेश्वर. बरेच जण दर्शन आणि वायनरी एकाच दिवसात बसवतात. दर्शनाची रांग किती लागेल हे आपल्या हातात नसतं, त्यामुळे टेस्टिंगची ठरलेली वेळ हुकते आणि दोन्हीकडे धावपळ होते. दोन वेगळे दिवस ठेवा. ते जमत नसेल तर दर्शन पहाटे आणि आधी.

टप्पा ७: टूर आधी, टेस्टिंग नंतर

टूर पाऊण तासात उरकते. तेवढ्यात तीन गोष्टी नीट बघा, कारण पुढे ग्लासात त्याच चाखायच्या आहेत.

पहिली, द्राक्षं. वाइनची द्राक्षं आपल्या खाण्याच्या थॉमसनसारखी नसतात. लहान, जाड सालीची, बियांची. दुसरी, सालींचं काय करतात ते. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून लवकर वेगळा करतात, लाल वाइन सालीसकट आंबवतात. तिचा रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. तिसरी, स्टीलच्या टाक्या आणि लाकडी पिंपं. कुठली वाइन कशात राहिली ते विचारा. ओकच्या पिंपातल्या वाइनला व्हॅनिला, भाजलेलं खोबरं, धूर असे वास येतात, आणि पिंपाचा खर्च बाटलीच्या किमतीत धरलेला असतो.

बागेतली द्राक्षं तोडून तोंडात टाकू नका. परवानगीचा प्रश्न तर आहेच, शिवाय वेलीवर नुकतंच औषध फवारलेलं असू शकतं.

टप्पा ८: चाखणं

सगळी सहल या अर्ध्या तासासाठी आहे, म्हणून घाई करू नका. उभ्याने, गप्पा मारत, फोटो काढत पाच वाइन दहा मिनिटांत संपवल्या तर पैसे गेले असं समजा. टेबलाच्या कडेची जागा घ्या. ओतणाऱ्याला नमस्कार करून सांगा, "आम्ही शिकायला आलोय, जरा सावकाश चालेल का?" या एका वाक्याने मला अनेकदा यादीबाहेरचा एखादा ओतही मिळाला आहे.

क्रम असा: आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग हलकी पांढरी, मग भरदार पांढरी, रोझे (गुलाबी), हलकी लाल, भारी लाल आणि सगळ्यात शेवटी गोड. पेढा खाऊन चहा घेतला तर चहा फिका लागतो, तसंच गोड वाइननंतर कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन उगाच आंबट लागते. नाशिकची शेनिन ब्लां (द्राक्षाच्याच नावाने ओळखली जाणारी पांढरी वाइन) बऱ्याचदा किंचित गोडसर असते. ती पहिली दिली जात असेल तर आधी सोव्हिन्यों ब्लां ही कोरडी पांढरी मागून घ्या.

प्रत्येक वाइनला ही पाच कामं:

१. बघा. ग्लास दांडीला धरा, पांढऱ्या कागदावर तिरका करा. पांढरी वाइन तपकिरीकडे झुकलेली असेल तर ती जुनी किंवा हवा लागलेली असू शकते. कोवळी लाल जांभळट असते, जुनी विटकरी होत जाते. ग्लासावरून ओघळणाऱ्या धारांवरून दर्जा ठरवू नका, त्याचा संबंध मुख्यतः अल्कोहोल आणि साखरेशी.

२. हुंगा. आधी न हलवता. मग ग्लास टेबलावर ठेवूनच दोन-तीनदा गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. पुस्तकातली परदेशी फळं आठवू नका, आपल्या स्वयंपाकघरात शोधा. सोव्हिन्यों ब्लांमध्ये पेरू, गवती चहा, लिंबाची साल सापडते. शेनिनमध्ये अननस आणि मध. विओन्ये, हीसुद्धा पांढरीच, जर्दाळूकडे जाते. लाल वाइनपैकी शिराझमध्ये कुटलेली मिरी आणि जांभूळ, कॅबर्नेमध्ये कधी ढोबळी मिरची. काहीच सापडलं नाही तरी "फळाचा, फुलाचा, मसाल्याचा की लाकडाचा" एवढं ठरवा.

३. घोट घ्या आणि तोंडभर फिरवा. तीन गोष्टी वेगळ्या ओळखा. आंबटपणाने गालांच्या आतून लाळ सुटते. तुरटपणाने हिरड्या आणि जीभ कोरडी पडते, आवळा चावल्यासारखी किंवा कडक कोरा चहा प्यायल्यासारखी. गोडी जिभेच्या टोकाला आधी जाणवते असं अनेकांना वाटतं, पण फळाचा वास म्हणजे गोडी नव्हे. नाक चिमटून घोट घ्या, तरी गोड लागली तर ती खरी साखर. मग भार: ताकासारखी पातळ की दुधासारखी भरदार?

४. थुंका. टेबलावर त्यासाठी भांडं असतं, नसेल तर मागा. आपल्याकडे याची लाज वाटते, म्हणून लोक सगळं गिळतात आणि चौथ्या वाइनला सगळ्याच सुंदर लागू लागतात. व्यवसायातली माणसं थुंकतातच. उरलेली वाइनही त्याच भांड्यात ओता, त्यात अन्नाचा अपमान वगैरे काही नाही. जी खरंच आवडली तिचा शेवटचा घोट खुशाल गिळा.

५. मोजा आणि लिहा. चव तोंडात किती वेळ रेंगाळली ते मनात मोजा. वहीत एकच ओळ: नाव, एक वास, एक शब्द चवीबद्दल, आणि "पुन्हा घेईन का?" हो किंवा नाही. पुढची वाइन ओतण्याआधी लिहा. नंतर आठवत नाही, हे मी दहादा अनुभवलंय.

वाइन फार थंड असेल तर वास येत नाही. ग्लास दोन्ही तळहातांत मिनिटभर धरा. उलट लाल वाइन नाशिकच्या उन्हाळ्यात कोमट आली तर नुसतं अल्कोहोल नाकात जातं. "दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवता का?" असं विचारायला संकोचू नका.

तपासून पाहा: ही बाटली आज उघडली की काल-परवा? कमी गर्दीच्या दिवशी हा प्रश्न महत्त्वाचा. एका ठिकाणी मला शिराझला व्हिनेगरचा वास आला. विचारल्यावर ओतणाऱ्याने स्वतः हुंगून नवी बाटली उघडली. तीच वाइन पूर्ण वेगळी लागली. मी गप्प बसलो असतो तर ती कायमची नावडत्यांच्या यादीत गेली असती. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष समजा आणि तेही सांगा.

चीज किंवा खारवलेले काजू मध्ये येऊ देऊ नका. खारट आणि स्निग्ध पदार्थाबरोबर साधी वाइनही छान लागते. आधी नुसती वाइन, निर्णय लिहून झाल्यावर खाणं. मधल्या वेळी साधा पाव आणि पाणी पुरे.

टप्पा ९: दोन वायनऱ्यांच्या मध्ये दीड तास

थेट दुसरीत जाऊ नका. बाहेर साध्या खानावळीत थाळी घ्या, ती वायनरीतल्या जेवणाच्या तुलनेत खूपच स्वस्त पडते. प्रत्येकाने किमान दोन ग्लास पाणी प्यावं. दुपारी चारनंतर दुसरी वायनरी. तिथे पहिल्या वायनरीत आवडलेल्या द्राक्षाचीच वाइन आधी मागा. सकाळच्या शिराझची आणि संध्याकाळच्या शिराझची वहीतली ओळ शेजारी शेजारी ठेवून बघितली की द्राक्ष म्हणजे काय आणि बनवणाऱ्याचा हात म्हणजे काय, हे एका दिवसात उमगतं. पाच निरनिराळ्या नव्या वाइनपेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

टप्पा १०: खरेदी वहीतून करा

टेस्टिंग संपल्यावर वीस मिनिटं बागेत फिरा, मग वही उघडा. ज्यांच्यापुढे "हो" आहे त्यांच्याबद्दल दुकानात दोनच प्रश्न: ही मुंबई-पुण्यात मिळते का? कुठल्या वर्षाची आहे?

बाटलीवर छापील किंमत असते, त्यामुळे घराजवळ मिळणारी वाइन इथून वाहून नेण्यात फारसं काही वाचत नाही. फक्त वायनरीतच मिळणारी किंवा तुमच्याकडे न पोचणारी वाइन घ्या. तीनवर एक अशा योजना दिसल्या तर तिन्ही "हो" यादीत आहेत का ते बघा.

पांढरी आणि रोझे घेताना वर्ष जितकं अलीकडचं तितकं बरं. "जुनी होईल तशी चांगली" हे सगळ्या वाइनला लागू नाही. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच असतात. पुढच्या दिवाळीपर्यंत कपाटात ठेवायची असेल तर घेऊच नका.

सावधान: नाशिकहून बरेच जण पुढे सापुताऱ्याला जातात. सापुतारा गुजरातेत आहे आणि तिथे दारूबंदी आहे. डिकीत बाटल्या ठेवून सीमा ओलांडू नका. सापुतारा आधी करा, वायनरी परतीच्या दिवशी.

टप्पा ११: बाटली घरापर्यंत आणि घरात

उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टी. तिथे काही तास राहिलेली वाइन शिजल्यासारखी लागते आणि दोष वायनरीला जातो. बाटल्या कपड्यांत गुंडाळून, सीटखाली सावलीत ठेवा. जेवायला थांबलात तर पिशवी बरोबर घ्या.

घरी गॅसच्या ओट्याजवळ किंवा फ्रीजच्या डोक्यावर ठेवू नका, तिथे सतत ऊब असते. मुंबईच्या दमट घरात फ्रीजचा खालचा कप्पाच बरा. लाल वाइन उघडण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. उघडलेली बाटली झाकण लावून, उभी, फ्रीजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. राहिलीच तर मटणाच्या रश्श्यात अर्धी वाटी घाला, शिजताना तिखटाच्या जरा आधी.

बाटली उघडाल त्या दिवशी वहीतली ती ओळ काढा आणि तिच्याखाली आजची चव लिहा.